आतड्याचा कॅन्सर डोळ्यामागे कसा पोचतो?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा दोन-तीन वर्षांनी एक डोळा पुढे यायला लागला, तर घरात कुणालाच या दोन गोष्टींची सांगड घालता येत नाही. आतडं कुठे आणि डोळा कुठे! मग पोटाची फाइल कपाटातच राहते आणि माणूस डोळ्यांच्या दवाखान्यात अगदी नवा पेशंट म्हणून जाऊन बसतो. मला सगळ्यात आधी हेच सांगायचंय की ती फाइल सोबत न्या. डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बसल्याबसल्या सांगा, "आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय." एवढं ऐकलं की डॉक्टर वेगळ्या दिशेनं विचार करायला लागतात, आणि थेंब बदलून बघण्यात जाणारे आठवडे वाचतात.

घाबरण्याआधी प्रमाण लक्षात घ्या. मोठ्या माणसाचा डोळा पुढे येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण थायरॉइडचा आजार हे आहे. शरीरात दुसरीकडे सुरू होऊन डोळ्याच्या खोबणीत येऊन बसणाऱ्या कॅन्सरांत स्तनाचा कॅन्सर पहिला. त्यानंतर फुप्फुस, प्रोस्टेट आणि मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर. मोठ्या आतड्याचा नंबर फार मागे लागतो; वैद्यकीय नियतकालिकांत तो बहुधा एकेका रुग्णाच्या हकिगतीतूनच भेटतो. म्हणजे ज्याला कधी कॅन्सर झालेला नाही, त्यानं डोळा सुजला म्हणून आतड्याच्या कॅन्सरची धास्ती घेऊ नये. पण ज्याला तो होऊन गेलाय, त्याच्यासाठी हिशेब वेगळा.

आता ही खोबण म्हणजे काय ते पाहू. डोळ्याचा गोळा कवटीच्या ज्या हाडी पोकळीत बसतो ती खोबण. सात हाडं मिळून ती बनते. पुढे रुंद, मागे निमुळती, आणि आत जागा साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे स्वयंपाकघरातले दोन मोठे चमचे भरतील इतकी. एवढ्याशा जागेत डोळ्याचा गोळा, तो फिरवणारे सहा स्नायू, वरची पापणी उचलणारा सातवा स्नायू, दृष्टीची मुख्य नस, रक्तवाहिन्या, अश्रुग्रंथी आणि उरलेल्या जागेत चरबी. चारही बाजूंना हाड आहे, उघडी बाजू फक्त पुढची. त्यामुळे मागे वाटाण्याएवढी गाठ झाली तरी डोळ्याला सरकायला एकच वाट उरते, ती पुढची. स्नायूवर गाठ बसली तर डोळा नीट फिरत नाही आणि एकाच्या दोन वस्तू दिसतात. नसेवर दाब आला तर नजर अंधुक होते. पोटात गाठ महिनोन्महिने लपून राहू शकते, इथे मात्र थोडीशी वाढही चेहऱ्यावर दिसते.

इंदूरच्या रामबागेत राहणारे एक काका डोळ्यांसमोर आणा. काका काल्पनिक आहेत, पण लक्षणं खरीच असतात तशी. वय ६४, तीन वर्षांपूर्वी आतड्याचं ऑपरेशन, मग केमो, आता तब्येत बरी. सकाळी पोहे खाताना काकू म्हणतात, "अहो, तुमचा उजवा डोळा मोठा दिसतोय का हो?" काका म्हणतात, "झोप झाली नसेल." आठवड्याभरानं जिना उतरताना त्यांना एका पायरीच्या दोन दिसतात. त्यांना वाटतं, चष्म्याचा नंबर बदलला.

इथे घरच्या घरी तीन गोष्टी पाहता येतात. त्यांच्यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांकडे किती घाईनं जायचं ते कळतं. काकांना खुर्चीवर बसवून डोकं किंचित मागे झुकवायला सांगा, आपण त्यांच्या पाठीमागे उभं राहून कपाळावरून खाली पाहा. एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे असेल तर समोरून पाहण्यापेक्षा असा पटकन कळतो. जोडीला दोन-चार वर्षांपूर्वीचा, लग्नकार्यातला एखादा समोरून काढलेला फोटो शेजारी धरा. दवाखान्यात हाच फरक हर्टल नावाच्या उपकरणानं मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि दोन डोळ्यांत २ मिलिमीटरहून जास्त फरक आढळला तर पुढच्या तपासण्या सुरू होतात.

दुसरी गोष्ट, दोन दिसणं. एक डोळा झाका. झाकल्याबरोबर दोनाचं एक झालं, तर दोन्ही डोळे एका रेषेत राहत नाहीयेत, आणि त्याचं कारण स्नायूंत, नसांत किंवा खोबणीत शोधावं लागतं. एका डोळ्यानं पाहतानाही दोनच दिसत असतील, तर बहुधा मोतीबिंदू किंवा चष्म्याचा प्रश्न. मधुमेहानंही डोळा फिरवणारी नस काही आठवडे लुळी पडते आणि दोन दिसायला लागतं, पण त्यात डोळा पुढे येत नाही.

तिसरी गोष्ट रंगाची. कुंकवाची डबी उजेडात धरून आधी एका डोळ्यानं पाहायला सांगा, मग दुसऱ्या. एका डोळ्याला लाल रंग फिका, धुतल्यासारखा वाटला तर दृष्टीच्या नसेवर दाब आलेला असू शकतो. असं झालं, किंवा नजर अचानक कमी झाली, पापणी पूर्ण मिटेनाशी झाली, तर डॉक्टर त्याच दिवशी गाठायचे. रविवार असला तरी.

थायरॉइडमुळे डोळा पुढे येतो तेव्हा बऱ्याचदा दोन्ही डोळ्यांत थोडाफार फरक असतो. कॅन्सर पसरून आलेला असेल तर तो बहुधा एकाच बाजूला असतो आणि आठवड्यांत वाढत जातो. पापणी खाली ओघळणं, डोळ्यामागे ठणका, कडेला हाताला लागणारी गाठ, हेही दिसतं. स्तनाच्या कॅन्सरच्या एका प्रकारात उलट घडतं आणि डोळा आत ओढला जातो. तेव्हा डोळा "लहान" झाला तरी दुर्लक्ष नको.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आतड्यातून डोळ्यापर्यंत वाट कोणती?

मोठ्या आतड्याचं रक्त आधी एका मोठ्या शिरेनं यकृतात जातं. आतड्यातला कॅन्सर पसरला तर सर्वांत आधी बहुधा यकृतात दिसतो, तो त्यामुळेच. कॅन्सरच्या पेशी तिथे अडकतात. ज्या निसटतात त्या हृदयाच्या उजव्या बाजूनं फुप्फुसांत जातात, आणि तिथल्या केशवाहिन्या इतक्या बारीक असतात, साधारण ५ ते १० मायक्रॉन, की बहुतेक पेशी पुन्हा तिथे अडकतात. यकृत आणि फुप्फुस ही दोन गाळणी ओलांडून ज्या थोड्या पेशी हृदयाच्या डाव्या बाजूला येतात, त्या मग रक्ताबरोबर कुठेही जाऊ शकतात. मानेतल्या रोहिणीतून कवटीत, आणि तिच्या डोळ्याकडे जाणाऱ्या फांदीतून खोबणीत. खोबणीत येणारा कॅन्सर रक्तातूनच येतो, असं मानलं जातं. म्हणूनच डोळ्यात गाठ सापडली की डॉक्टर छाती आणि पोटाचा स्कॅन पुन्हा करायला सांगतात. बऱ्याच रुग्णांत यकृतात किंवा फुप्फुसांतही काहीतरी सापडतं.

पण काही रुग्णांत यकृत स्वच्छ असतं, फुप्फुसंही स्वच्छ, आणि तरी गाठ डोक्यात. त्याचं एक उत्तर अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० साली दिलं. ओटीपोटापासून कवटीपर्यंत पाठीच्या कण्याला लागून शिरांचं एक जाळं आहे. हातापायांच्या शिरांत रक्त एकाच दिशेनं जावं म्हणून झडपा असतात, या जाळ्यात त्या नाहीत. खोकताना, शिंकताना, शौचाला कुंथताना पोटातला दाब वाढला की तिथलं रक्त वरच्या दिशेनंही जाऊ शकतं. बॅटसननी मृतदेहांच्या शिरांत रंगीत द्रव सोडून ही वाट दाखवली. यकृत आणि फुप्फुस या दोन्हींना बगल देऊन कण्यात आणि कवटीत पोचण्याचा हा आडमार्ग आहे. म्हणून कुणी खोकायला किंवा कुंथायला घाबरू नये, हे आवर्जून सांगतो. वाट सगळ्यांच्याच शरीरात आहे; त्या वाटेनं जाणाऱ्या पेशी नसतील तर वाटेनं काही होत नाही.

आणि पेशी पोचली म्हणून तिथे रुजेलच असं नाही. स्टीफन पॅजेट या ब्रिटिश शल्यविशारदानं १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरनं मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. कॅन्सर सगळ्या अवयवांत सारखा पसरत नाही, काही अवयव त्याला जास्त मानवतात, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं बी आणि जमीन अशी उपमा दिली. आपल्या माळव्यात ती सांगायला वेगळे कष्ट नकोत. सोयाबीनचं बी वाऱ्यानं किंवा पाण्यानं कुठेही जाईल, पण काळ्या मातीत जसं उगवेल तसं मुरमात उगवणार नाही. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींना यकृत ही काळी माती आहे. डोळ्याची खोबण हा मुरूम. तिथे उगवण क्वचितच होते, आणि होते तेव्हा बी आतड्याचंच असतं.

पुढच्या सगळ्या उपचारांचा पाया या शेवटच्या वाक्यात आहे. डोळ्यामागची ही गाठ "डोळ्याचा कॅन्सर" नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी आतड्याच्या पेशींसारख्या दिसतात, आतड्याच्या कॅन्सरची औषधं तिच्यावर लागू पडतात, आणि कागदावर तिचं नाव "मोठ्या आतड्याचा कॅन्सर, चौथी पायरी" (स्टेज फोर, म्हणजे दूरच्या अवयवात पसरलेला) असं लागतं. घरात "आता दुसरा कॅन्सर झाला" अशी कुजबुज सुरू होते. तो पहिलाच आहे.

निदानात घोटाळा कुठे होतो, ते आमच्या इंदुरातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर मुकरमायकोसिसनं, म्हणजे काळ्या बुरशीनं, इथल्या किती घरांत डोळे नेले. मधुमेह, सुजलेला डोळा, ठणका एवढं दिसलं की आजही आधी तीच शंका येते, आणि यायलाच हवी, कारण बुरशीत उशीर जिवावर बेततो. सायनसमधून आत गेलेला जंतुसंसर्ग, थायरॉइड, कारण न सापडणारी सूज, लिम्फोमा म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, हे सगळे एकसारखा चेहरा घेऊन समोर येतात. म्हणून मला एका सवयीची फार काळजी वाटते: निदान व्हायच्या आधी स्वतःच्या मनानं स्टेरॉइडच्या गोळ्या. त्यांनी सूज चार दिवस उतरते, माणसाला वाटतं बरं झालं, आणि निदान लांबतं. बुरशी असेल तर स्टेरॉइडनं ती भडकते. डॉक्टरांनी तपासून दिलेलं स्टेरॉइड वेगळं. मेडिकलवाल्याकडून "सुजेची गोळी" आणणं वेगळं.

तपासण्यांत खोबणीसाठी एमआरआय सर्वांत उपयोगी, आणि हाडाला काही झालंय का ते पाहायला सीटी. पेट स्कॅन सगळ्या शरीराचा हिशेब देतो, पण डोळ्याच्या बाबतीत एकट्या त्याच्यावर विसंबू नये. पेट स्कॅन साखर जास्त खाणाऱ्या जागा उजळून दाखवतो, आणि मेंदू व डोळ्याचे स्नायू एरवीही भरपूर साखर वापरतात. त्या उजेडात लहान गाठ हरवू शकते. सीईए ही रक्ताची तपासणी आतड्याच्या कॅन्सरमध्ये वाढलेली दिसते, पण ती नॉर्मल आली म्हणून गाठ निर्दोष ठरत नाही.

मग बायोप्सी. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही भीती आपल्याकडे घराघरांत आहे, आणि तिच्यापायी लोक महिने घालवतात. योग्य हातांनी केलेल्या बायोप्सीनं असं होणं फार दुर्मिळ, आणि निदानावाचून उपचार चुकणं मात्र रोजचं. पापणीच्या घडीतून किंवा सुईनं एक लहान तुकडा काढतात. पॅथॉलॉजिस्ट त्यावर खास रंग चढवून पाहतात: सीके-२० आणि सीडीएक्स-२ पॉझिटिव्ह, सीके-७ निगेटिव्ह असा मेळ आला तर बोट मोठ्या आतड्याकडे जातं. इथे जुन्या ऑपरेशनचे ब्लॉक आणि स्लाइड कामी येतात. ब्लॉक म्हणजे आतड्यातल्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा. तो ज्या लॅबमध्ये तपासला गेला तिथे जपून ठेवलेला असतो आणि अर्ज केला की मिळतो. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहिले की शंका फारशी उरत नाही. आजार आधीच शरीरात बराच पसरलेला माहीत असेल तर डॉक्टर कधीकधी बायोप्सी न करताच पुढे जातात, तेही बरोबर आहे.

मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला, आणि आईवडील इंदुरात, अशी किती घरं! एमआरआयच्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून कुणा डॉक्टरांचं मत घेण्यात अर्थ नाही. स्कॅन सेंटरकडून सीडी किंवा लिंक मागून घ्या, ती पाठवा.

उपचार दोन पातळ्यांवर चालतात. डोळा वाचवायचा, आणि शरीरातला आजार आवरायचा. डोळ्यासाठी मुख्य उपाय रेडिएशनचा, ज्याला इकडे पुष्कळजण हिंदीतल्यासारखं सिकाई म्हणतात. साधारण दोन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, मिळून १० वेळा, अशी एक नेहमीची पद्धत आहे. पहिल्या दिवशी गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ठेवतात. काही मिनिटांत ती थंड होऊन चेहऱ्याच्याच आकाराची घट्ट होते. रोज तीच जाळी लावून डोकं टेबलाला पक्कं करतात, म्हणजे किरण नेमके त्याच जागी पडतात. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी हे आधीच सांगावं. प्रत्यक्ष किरण देताना काही दुखत नाही. नंतर डोळा कोरडा पडतो, लाल होतो, पापणीचे केस गळू शकतात, पुढे मोतीबिंदू होऊ शकतो. ठणका आणि दोन दिसणं बऱ्याच रुग्णांत कमी होतं. गेलेली नजर परत येईलच असं सांगता येत नाही, म्हणून घाई.

"डोळा काढावा लागेल का?" हा प्रश्न प्रत्येकाच्या ओठांवर असतो. बहुतेक वेळा नाही. डोळा काढल्यानं शरीरातला आजार कमी होत नाही, त्यामुळे ते ऑपरेशन फक्त असह्य वेदना दुसऱ्या कशानंच थांबत नसतील तेव्हा विचारात घेतात.

शरीरासाठी केमो, आणि आता त्याच्या जोडीला नेमकी औषधं. त्याआधी गाठीच्या तुकड्यावर केआरएएस, एनआरएएस, बीआरएएफ आणि एमएसआय या जनुकीय तपासण्या झाल्या आहेत का ते विचारा. केआरएएस किंवा एनआरएएस जनुकात बिघाड असेल तर सेटुक्सिमॅब हे महाग इंजेक्शन काम करत नाही. तपासणी न करता ते सुरू करणं म्हणजे पैसाही गेला आणि वेळही. उलट एमएसआय जास्त असलेल्या, म्हणजे गाठीच्या पेशींत डीएनएतल्या चुका दुरुस्त होत नाहीत अशा, थोड्या रुग्णांत, चौथ्या पायरीच्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये हे प्रमाण शंभरात जेमतेम पाच, इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा, गुण फार चांगला येतो. ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध चालू असेल तर फ्रिजमधलं पाणी, डिसेंबरच्या सकाळची थंड फरशी, स्टीलचा गार पेला यांनी बोटांत आणि घशात झिणझिण्या येतात. घरात सगळ्यांना हे आधी माहीत असावं, नाहीतर सून प्रेमानं उसाचा बर्फ घातलेला रस देते आणि माणूस घाबरून पेला टाकतो.

काकूंच्या वाट्याला येणारं कामही लहान नाही. दिवसा कोरडेपणाचे थेंब, रात्री मलम, पापणी मिटत नसेल तर झोपताना कागदी चिकटपट्टीनं हलकेच मिटवून ठेवायची. बुबुळ उघडं राहिलं तर त्यावर जखम होते. दोन दिसण्यावर तात्पुरता सोपा उपाय म्हणजे चष्म्याच्या एका काचेवर धूसर टेप. स्कूटर बंद. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला रंगीत पट्टी लावून घ्या, एका डोळ्यानं खोली कळत नाही.

चौथी पायरी म्हणजे काय, हे लपवण्यात मला भलं दिसत नाही. खोबणीत कॅन्सर पोचलेल्या बहुतेक रुग्णांचं पुढचं आयुष्य महिन्यांत मोजावं लागतं, काहींचं वर्षांत. पोटातली गाठ घरच्यांनी माणसापासून लपवली तर काही काळ लपते. डोळा तर तो स्वतः रोज दाढी करताना आरशात पाहतो. "इन्फेक्शन आहे, बाबा" म्हणत त्याला रेडिएशनच्या टेबलावर झोपवायचं, हे त्याच्या शहाणपणाचा अपमान करणारं आहे असं मला वाटतं. त्याला किती ऐकायचंय ते त्यालाच विचारा, डॉक्टरांसमोर, सावकाश. काहींना सगळं हवं असतं, काही म्हणतात "मुलाला सांगा". दोन्ही उत्तरं त्याचीच असली पाहिजेत. वेदना कमी करणारी टीम, पॅलिएटिव्ह केअर, अगदी सुरुवातीपासून सोबत असावी. मॉर्फिन दिलं म्हणजे शेवट आला, हा समज सोडून द्या. पुष्कळ जण मॉर्फिन घेऊन जेवतात, झोपतात, नातवंडांशी बोलतात.

खर्चाचं थोडक्यात. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, तिचा लाभ घेता येतो. टाटा मेमोरियलचं मत हवं म्हणून पुष्कळ इंदूरकर रात्री अवंतिका एक्सप्रेसनं मुंबई गाठतात. जरूर जा, पण ब्लॉक, स्लाइड, सीडी आणि ऑपरेशनचा कागद घेऊनच. आणि रेडिएशन इंदुरात होत असेल तर दोन आठवडे परळला खोली घेऊन राहण्याचा आग्रह कशासाठी, हेही एकदा डॉक्टरांना विचारा.

ज्यांचं ऑपरेशन झालंय आणि डोळे ठणठणीत आहेत, त्यांनी पाठपुरावा सोडू नये. पहिली दोन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी सीईए आणि तपासणी, पुढे पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत दर ६ महिन्यांनी, अधूनमधून सीटी, आणि ऑपरेशननंतर वर्षभरात कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून पाहणं. आणि ज्यांना अजून काहीच झालेलं नाही त्यांच्यासाठी: शौचातून रक्त गेलं की "मूळव्याध असेल" म्हणून वर्षानुवर्षं चूर्ण घेत राहणं थांबवा. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुधा एका लहानशा मोडातून, पॉलिपमधून, सुरू होतो आणि त्याला कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. तो मोड कोलोनोस्कोपी करतानाच काढून टाकता येतो.

आपल्या काकांच्या मुलामुलींचीही यात नोंद हवी. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर पहिली कोलोनोस्कोपी चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या व्यक्तीचं निदान ज्या वयात झालं त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा करतात. काकांचं निदान ६१ व्या वर्षी झालं, म्हणजे पुण्यातल्या मुलानं चाळिशीत. ते ४५ व्या वर्षी झालं असतं, तर पस्तिशीत.